पाण्याची पाळी

जळगाव,
४ ऑगस्ट २०२५

ती. मोठी माय हिस,
नातू पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही, पण इथे जेलमध्ये दुसरा इलाज नाही. धुळ्यात आमच्या ग्रुपची पोरं जास्त म्हणून मला जळगावला हलवलं, त्यामुळे भेटीला कोणी येत नाही. जीवरामला मारहाण केल्याच्या केसमध्ये आता आमच्या बाजूच्या साक्षी आहेत. त्या दिवशी, ११ जानेवारीला, आपल्या गल्लीत पाण्याची पाळी होती आणि दुपारभर मी तुझे हंडे भरत होतो, हे तुला आठवत असेलच. वकीलसाहेब येतील. कोर्टात तेवढंच सांग. आईबाप गेल्यावर तूच वाढवलंस, तुझं ऐकतील. पोरं किराणा आणून देतात ना?

माया आहे तशी ठेव.
तुझा पितांबर


धुळे,
१२ ऑगस्ट

चि. पितांबर यास मोठ्या मायचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर माझ्या चौथीच्या अक्षरापेक्षा वाईट शे. मास्तरांनी तुला दहावीपर्यंत ढकललं कसं, देव जाणे.

किराणा येतो. तुझे लोक पिशवी ठेवतात, पाया पडतात आणि निघतात, चहाला थांबत नाहीत. मी ओट्यावर आले की शेजारच्या बायकांना घरात दूध उतू जातंय असं आठवतं. एवढं दूध आपल्या गल्लीत येतं हेच मला माहीत नव्हतं.

तुला आठवतं का विचारतोस, तर मला जरा जास्तच आठवतं. अकरा वर्षांमागे वरच्या गल्लीवाल्यांनी व्हॉल्व्ह फिरवून आपलं पाणी तोडलं, वीस दिवस नळ कोरडा. मीच तुला म्हटलं, मिशा कशाला ठेवल्यास. मग तू आणि जीवरामने लोहाराकडून चावी करून आणली आणि भर दुपारी व्हॉल्व्ह उघडला. मी दोघांना शेवभाजी करून वाढली. ती चूक माझी, कोणावर ढकलत नाही. मग दुसऱ्या गल्ल्या तुम्हाला बोलवायला लागल्या. चावी ग्रुप झाला, बॅनर लागले, बॅनरवर तुझ्या तोंडापेक्षा गॉगल मोठा. पुढे तीच चावी पाणी बंद करायला लागली, कारण नळ बंद झाला की टँकर तुमचाच. मग कोणाच्या प्लॉटला लाइन जाईल ते तू ठरवणार, आणि निवडणुकीला उभे राहणारे तुझ्या दारात चपला काढणार.

जीवराम तुझाच टँकर चालवायचा. मयताच्या घरी तरी पाणी फुकट देऊ म्हणाला, तुम्ही हसलात. त्याने स्वतःचा टँकर घेतला, तर त्याचा पाय गेला.

आणि ११ तारखेला पाणी नव्हतं. ९ ला आलं, मग १७ ला. पाळीच्या दिवशी मी कॅलेंडरवर हंडा काढते. बंगल्यात बोअर घेतल्यापासून तुला गल्लीची पाळी आठवेनाशी झाली. बठ्ठ्या गल्लीला, लहानथोर सगळ्यांना माहीत आहे, बोलायची छाती कोणाची नाही.

काय करू ते सुचत नाही. तुझ्याशिवाय माझं कोणी नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर लिहिलंस.

तब्येतीला जप.
मोठी माय


जळगाव,
२१ ऑगस्ट

ती. मोठी माय हिस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आज सुटणाऱ्या माणसाच्या हाती देतोय, म्हणून मोकळं लिहितो. कॅलेंडर फाडून टाक. गल्लीतलं कोणी बोलणार नाही, ते मी बघितलं आहे. तू फिरलीस तर मी सात-आठ वर्षं आत. मग पोरं किराणा आणणार नाहीत, दारात कुत्रं येणार नाही. आणि तू भेटीलाही येऊ नकोस, मी समोर येणार नाही. माझ्यासाठी पोटात माया असेल, तर कोर्टात मी लिहिलं तेवढंच सांग.

पितांबर


धुळे,
१० सप्टेंबर

चि. पितांबर यास अ. उ. आ.

तू ऐकलंस ते खरं, तरी माझ्या हाताने लिहिते. वकिलाने आधी घरी येऊन विचारलं, सगळं आठवतं ना. म्हटलं, सगळं आठवतं. पुढे त्याने विचारलं नाही, शिकलेला माणूस. कोर्टात मी सांगितलं की तू घरी नव्हतास आणि पाणीही नव्हतं. मग तोच म्हणायला लागला की बाईंचं वय झालंय. मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. जजसाहेबांनी हंडे मोजून पाहिले. तू जेलमधून समोरच्या टीव्हीवर दिसत होतास. मी बोलले तसा तू उठून गेलास, मग बराच वेळ नुसती खुर्ची दिसत होती. मी तिच्याकडेच बघून बाकीचं सांगितलं.

किराणा त्याच दिवशी बंद झाला. काल पाळी होती. तू दादा झाल्यापासून माझा हंडा न सांगता पहिला लागायचा. काल जीवरामच्या बायकोने, रूपाने, तो उचलला, पार मागे नेऊन ठेवला आणि रांगेत राहा म्हणाली. राहिले उभी. दुसरं कोणी बोललं नाही. भ्यालेले लोक अजून भ्यालेलेच आहेत.

मंगळवारी भेट असते असं कळलं. सकाळच्या एसटीने येते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आत नेऊ देत नाहीत म्हणतात, तरी आणते. तू समोर आला नाहीस तर गेटबाहेर बसून मीच खाईन आणि चारच्या गाडीने परत येईन. पुढच्या महिन्यात पुन्हा.

राग असू दे, पण जेवत जा.
मोठी माय