नदीकडच्या घरातली गाणारी बाई

भोर,
श्रावण शु. ६, शके १८५७

ती. सौ. ठकूताईस,
कुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भावाला मालकांनी घरखात्याचा मुख्य केले. भाड्याची सोळा घरे, हाताखाली गेनबा गवंडी आणि रखमाजी सुतार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी चाललो की बाजारपेठेला कळते. हल्ली मी मोठ्याने हसतसुद्धा नाही.

पंधरा घरे भरली आहेत, नदीकडचे एक तेवढे रिकामे. ते दसऱ्याच्या आत लागले नाही तर किल्ल्या ठेवून वेल्ह्याला नांगर धरायचा, असे मालकांनी बजावले आहे. पण कोणी घेईना. दिवेलागणीला आत एक बाई गाते म्हणतात. लोकांचे खूळ! रिकाम्या घरात सांजवात हवी म्हणून मी रोज स्वतः जातो, तासभर बसतो. गणपतीच्या मेळ्यात मला राधेचे काम आहे, तेव्हा दार लावून गवळणींची तालीमही उरकतो. हाताखालच्या माणसांनी पाहिले तर धाक काय राहील? मला तरी ती बाई एकदाही ऐकू आली नाही. तुमच्याकडचे देवऋषी कोंडिबा येतील का, विचारून कळव.

भाऊजींना नमस्कार.
कुंडलिक


वेल्हे,
श्रावण शु. १३

चि. कुंडलिकास ठकूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि तव्यावरची भाकरी करपली. तुझ्या भाऊजींना कारण सांगितले, तर त्यांनाही ठसका लागला. बाबा रे, बाई गाते दिवेलागणीला. तू तिथे असतोस दिवेलागणीला. बारीक आवाज काढून गवळण म्हणतोस तू. आणि वर विचारतोस, ती मला कशी ऐकू येत नाही! कोंडिबाला उगाच कोंबडा कशाला द्यायचा? हे भूत मी कडेवर घेऊन वाढवले आहे.

आता नुसते गाणे बंद करून भागणार नाही. बाई गप्प झाली म्हणजे दबा धरून बसली, असे म्हणतील. गोकुळाष्टमीला दार सताड उघड, सगळ्या भाडेकऱ्यांना बोलाव आणि त्यांच्यासमोर गा. लाज वाटेल, वाटू दे. तू परत येऊन नांगर धरलेला मला बघवणार नाही. तू भोरला गेलास त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

जे होईल ते लगेच लिही, इथे आम्हा दोघांना दम निघत नाही.
ठकूताई


भोर,
श्रावण वद्य १०

ती. सौ. ठकूताईस, शि. सा. न. वि. वि.

गायलो. गेनबा पुढेच बसलेला, रखमाजीने तर बसायला घरून पाट आणला. पहिली ओळ म्हटली आणि घर हसण्याने दणाणले. जुडगा टाकून पळणारच होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडच्या झोपडीतल्या नजीर कल्हईवाल्याची म्हातारी आई, खातूनबी, सगळ्यांवर ओरडली, की गप बसा, म्या लई दिस भिंतीआडून ऐकतेय, आज म्होरं बसून ऐकू द्या. मग शेवटपर्यंत कोणी हलले नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने नजीरला ते घर घ्यायला लावले. भूत असले तरी सुरात आहे, असे ती पहिल्यापासून सांगत होती म्हणे. लेकच भीत होता. मालकांनी किल्ल्या माझ्याकडेच ठेवल्या. धाक मात्र गेला. गेनबा मला राधाबाई म्हणतो आणि काम पूर्वीपेक्षा लवकर करतो. राग यायला हवा, पण येत नाही.

अडचण निराळीच झाली आहे. बाकीच्या पंधरा घरांतून खात्याकडे अर्ज आले आहेत, की ती बाई आमच्याकडेही एकेक संध्याकाळ पाठवावी. खात्याचा मुख्य मीच, तेव्हा मंजुरी माझीच. उद्या पहिल्या घरी जातो.

माया आहे तेवढीच राहू दे, हसणे मात्र थोडे आवर, ही विनंती.
तुझा,
कुंडलिक