मामांच्या मुठीतलं पांघरूण

पारोस, द्राक्षतोडणी संपताना

चि. निकेरातोस यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बसून वाच. बाबांची नाव नाक्सोसच्या खडकांवर फुटली. कुणी वाचल्याची खबर नाही. बाबांचं तपकिरी पांघरूण तेवढं किनाऱ्याला लागलं. आईने लावलेलं ठिगळ मी ओळखलं.

डामोनमामा आलेत. तरुणपणी अथेन्सच्या रंगीत ओसरीत, तिथे भरणाऱ्या तत्त्वज्ञांच्या शाळेत, चार वर्षं बसले, तेव्हापासून त्यांना कशाचीच शंका येत नाही. पांघरूण मुठीत आवळून म्हणाले, सत्य असं हाती येतं; आता रिकामी का होईना, समाधी बांधा, नाहीतर जीव भटकत राहील. आई म्हणते, निकेरातोसला विचारल्याशिवाय एक दगड बसवायचा नाही. त्यावर मामा म्हणाले, तो शंकेखोरांच्या शाळेतला. आधी पत्र आलंय की नाही यावरच वाद घालील.

तेव्हा बाळा, एकदा तरी सरळ उत्तर दे. बांधू की नको?

तुझी ताई, तिमारेते


अथेन्स, हिवाळ्याआधीच्या शेवटच्या नावेने

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र आलंय. यावर वाद नाही, असं मामांना सांग.

बाबा गेले असं मी म्हणत नाही. आहेत असंही म्हणत नाही. रागावू नकोस. मामांच्या मुठीत पांघरूण आहे, बाबा नाहीत. आमचे गुरुजी सांगतात, कळत नसेल तिथे मनाला थांबव, आणि करायचं ते जे बरं दिसेल ते कर. समाधी काय, वसंतातही बांधता येईल. पण बांधली आणि बाबा परत आले, तर आपल्या रीतीने ते मेलेलेच. पुन्हा जन्माचे विधी होईपर्यंत देवळात पाऊल टाकता येणार नाही. म्हणून थांबा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, यंदा तो थोडा जास्त लागेल.

तुझा निकेरातोस


पारोस, नावा पुन्हा सुटल्या त्या आठवड्यात

चि. निकेरातोस यास ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

बाबा आले! क्रीटच्या एका कोळ्याने त्यांना पाण्यातून काढलं. पाय मोडलेला, समुद्र बंद, निरोप धाडणार कसा? त्या भल्या माणसाच्या घरी हिवाळाभर मसुराची आमटी खाऊन चांगले गुबगुबीत झालेत.

बंदरावरून लंगडत थेट देवळात गेले. कुणी अडवलं नाही. समाधी असती तर साठीच्या बाबांना न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळावं लागलं असतं. बाबा म्हणाले, मग बांधायलाच हवी होती. आईने पळी उगारली. मामा त्यांच्या गळ्यात पडून हुंदके देत होते. डोळे पुसल्यावर म्हणाले, हे परत येणार याची मला पहिल्यापासून खात्रीच होती.

हिवाळाभर आई तुझं पत्र रोज माझ्याकडून वाचून घ्यायची. गाव म्हणायचं, पोरगा बापासाठी रडतसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, मीही मनात तेच म्हटलं. माफ कर रे. तुझ्यामुळे बाबा जिवंत माणूस म्हणून घरी आले. आता ये.

तुझी ताई


अथेन्स, पत्र मिळाल्याच्याच दिवशी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वाचलं आणि अंगणातच मोठ्याने रडलो. शेजारी बागेत भरणाऱ्या शाळेतला, मैत्रीलाच सुख मानणाऱ्या पंथाचा आहे. काही न विचारता अंजिरं घेऊन आला आणि जवळ बसून राहिला.

माफी तू कशाला मागतेस? तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी सुतकाचे केस कापले होते. बाबा गेले याची मला मामांइतकीच खात्री होती. त्या खात्रीचीच भीती वाटली, म्हणून गुरुजींचं वाक्य उतरवून धाडलं. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास तू आणि आईने ठेवलात, तोही अख्खा हिवाळा. बाबा घरी आले ते तुमच्यामुळे. हे ऋण मी जन्मभर आनंदाने वागवीन.

पुढच्या नावेने निघतो. केस अजून कानापर्यंतच आलेत. बाबांनी विचारलं तर उवा झाल्या होत्या म्हणून सांग. आईला सांगावं लागणार नाही.

तुमचा लोभ आहे, याची मात्र मला शंका नाही.

तुझा निकेरातोस