ठसे उमटेपर्यंत

हॉलो क्रीक, नॉर्थ कॅरोलिना
९ मार्च

चि. रोन्डा हिला,
तुझ्या बापाचे आशीर्वाद. गुडघा सोडला तर बाकीचा मी खुशाल आहे. तुम्ही तिकडे टोलीडोत अजून बर्फ उपसत असाल, इथे पीचच्या झाडांना कळ्या धरल्यात.

बातमी अशी की, म्हातारपणी मी शाळेत जाऊन आलो! आठ तासांचा वर्ग, मग परीक्षा, मग नेमबाजी. तीस गोळ्यांतल्या अठ्ठावीस बरोबर लागल्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते मास्तरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आपल्या चर्चच्या दारावर हल्ली, ठिकठिकाणच्या गोळीबाराच्या बातम्या ऐकून, प्रार्थनेच्या वेळी माणसं राखणीला उभी असतात. ड्वेन त्यांचा म्होरक्या. तोच, हायवे पोलिसातून निवृत्त झालेला. त्याला आणखी एक माणूस हवाय. पण कोटाखाली झाकून पिस्तूल बाळगायचा परवाना असल्याशिवाय तो कुणाला दारावर घेत नाही. म्हणून मी शेरीफच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, "नव्वद दिवस धरून चला."

तुला बंदुका आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. तेव्हा रागावू नकोस. म्हणजे आहेस त्याहून जास्त.

ती दारावरची जागा मला हवी आहे, पोरी. फार हवी आहे. का, ते आज नको. त्या दुसऱ्या विषयावरही आज नको.

तुझा,
बाबा

२२ जून

चि. रोन्डा,
तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, यातच मी समाधान मानलं.

परवाना नाही आला. परवान्याला बोटांचे ठसे लागतात, नि माझ्या बोटांवर रेषाच नाहीत! सत्तेचाळीस वर्षं विटा नि सिमेंट हाताळलं, त्यांनी सगळं घासून नेलं. वरच्या कचेरीनं ठसे परत धाडले. शेरीफच्या कचेरीतली कॅन्डिस तुझ्यापेक्षा लहान, पण जीभ तुझ्यासारखीच. माझं एकेक बोट धरून यंत्राच्या काचेवर फिरवत होती.

"आजोबा, ही बोटं आहेत का कोरी पाटी? बँक लुटली असतीत तर जन्मात सापडला नसतात."

"आता सांगतेस होय! आधी कळलं असतं तर कशाला विटा वाहिल्या असत्या?"

मागची रांग हसली. एक जण म्हणाला, "अजून वेळ गेली नाही, काका. गाडी मी चालवतो."

तिनं बजावलं, दिवसातून तीनदा हाताला मलम लावायचं, भांडी घासताना हातमोजे घालायचे, वीट नावालासुद्धा शिवायची नाही. सहा आठवड्यांनी या. मी सगळं पाळलं. पण जायच्या आदल्या दिवशी चर्चची पायरी निखळलेली दिसली. एवढीशी पायरी, गं! मोजे घालून विटेचा अंदाज येत नाही, म्हणून काढले. दुसऱ्या दिवशी कॅन्डिसनं काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "काय बांधलंत?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दर रविवारी अख्खं चर्च विचारतं, "आला का हो कागद?" आता तर प्रार्थनेच्या यादीत, आजारी माणसांच्या खाली, लिहिलंय: ऑरविलची बोटं.

पास्टर म्हणाले, "कागद येईपर्यंत नुसतेच दारात उभे राहा. लोकांना या म्हणा." मला घाम फुटला. आमच्या दोघांचं बोलणं जन्मभर तुझी आईच बोलायची. पहिल्या रविवारी मी फक्त हात पुढे करत होतो. दुसऱ्या रविवारी 'या' म्हणालो. तिसऱ्या रविवारी एका चिमुरडीनं माझा पंजा उलटसुलट करून पाहिला नि आईला ओरडून सांगितलं, "ह्यांचा हात दगडाचा आहे!" आता ती येताना तोच हात मागते. मला पंधरा पोरांची नावं पाठ आहेत. कुत्र्यांची निराळी.

आणि मिसेस कॉब आठवतात ना, तुला रविवारच्या शाळेत शिकवायच्या? आता त्यांना अजिबात दिसत नाही. मी बोललोही नव्हतो. त्यांनी हात हातात घेतला, अंगठा फिरवला नि म्हणाल्या, "ऑरविल! सगळ्या काउंटीत असा खरखरीत पंजा दुसरा नाही." सरकारच्या यंत्राला पटत नाही तो मी त्यांना एका क्षणात पटलो. त्या दिवशी घरी येऊन मी स्वतःसाठी केळ्याचं पुडिंग केलं. करपलं. खाल्लं.

मोजे घालून लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

बाबा

५ ऑक्टोबर, रविवार, दुपार

माझ्या रोन्डा,
मलमाची बाटली पोचली. आत चिठ्ठी नव्हती. पण खोक्यावरच्या पत्त्यातलं अक्षर तुझं. मी ते खोकं दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं.

तुझ्या मलमानं काम केलं. तिसऱ्या खेपेला दहाच्या दहा ठसे उमटले, नि गुरुवारी परवाना हातात आला. कॅन्डिसनं कचेरीला टाळ्या वाजवायला लावल्या. हातकड्या घातलेला एक जण बाकावर होता, त्यानंही जमेल तशा वाजवल्या.

आज लवकर गेलो. ड्वेननं मला बाजूला घेऊन नियम सांगितले. पाठ भिंतीला. नजर वाहनतळावर. दोन्ही हात कायम मोकळे. कुणाशी हात मिळवायचा नाही, पोर उचलायचं नाही.

"आणि मिसेस कॉब आल्या तर?"

"मान हलव."

"ड्वेन, त्यांना दिसत नाही रे."

तेवढ्यात पहिली गाडी आली नि ती चिमुरडी हात पुढे करून धावत सुटली. मी उसनं घेतलेलं त्याचं पिस्तूल पट्ट्यासकट त्याच्या हातात दिलं.

"अरे, सात महिने सगळं चर्च तुझ्या बोटांसाठी गुडघ्यावर बसलंय! आणि आता नको म्हणतोस?"

"प्रार्थना फळली, ड्वेन. हात मिळवायला बोटं लागणारच आहेत मला."

तो इतका हसला की राखणीचं काम दोन मिनिटं बंद पडलं. म्हणाला, "बरं झालं. तुझ्या त्या दोन गोळ्यांची मला धास्तीच होती."

आता जे टाळत आलो ते. मला दार राखायचं नव्हतं, पोरी. मला बाहेर उभं राहायचं होतं. एकतीस वर्षं तुझी आई त्या चर्चमध्ये पियानो वाजवत होती, नि मी पहिल्या बाकावर बसून तिची पाठ बघत होतो. ती गेल्यावर तिथं दुसरी पाठ मला बघवेना. बाहेर उभं राहिलं की ऐकू कमी येतं, आणि राखणदाराला आत का येत नाहीस म्हणून कुणी विचारत नाही.

घरातला पियानोही मी त्याचसाठी काढून टाकला. तू म्हणालीस, आई गेल्यावर आठ दिवस निघाले नाहीत तुम्हाला. नाही निघाले. तो बंद झाकणाचा पियानो माझ्याकडं बघत बसायचा. पण तो तुझाही होता, त्यावर तू शिकलीस, आणि मी तुला विचारलं नाही. चुकलो. हे एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. शेरीफची कचेरी त्या मानानं चपळ म्हणायची.

आज सगळे आत गेल्यावर मी दार लोटलं नि आत गेलो. शेवटच्या बाकावर मिसेस कॉबनी सरकून जागा दिली. पियानोवरची नवी मुलगी दुसऱ्या भजनात चुकली, आणि मला हसू फुटलं. तुझ्या आईनं, माझ्या इमोजीननं, तिच्याकडं कसं पाहिलं असतं ते डोळ्यांपुढं आलं! मिसेस कॉबनी कोपर मारलं. त्याही हसत होत्या. मग मी सगळी भजनं म्हटली, बेसूर, शेवटपर्यंत.

तुला कधी यावंसं वाटलं तर ये. घाई नाही. वाट बघायला मी आता शिकलोय, आणि तुझ्यासाठी नव्वद दिवसांची अट नाही.

चुकलेला, पण आत बसलेला,
तुझा बाबा