पारण्याची तारीख

गुरुवार, ७ ऑगस्ट
मानसोपचार ओपीडीला आज तासगावकडची एक मुलगी. सतरा वर्षांची, विश्रामबागला बारावीत. नाव इथेही लिहीत नाही, प. म्हणेन. दीड महिना कॉलेज बंद, बोलणं बंद, दिवसभर भिंतीकडे तोंड. आई म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय. चातुर्मासापासनं उपास धरल्यात." आमच्याच जैन समाजातली माणसं. मी वजन घेतलं, बीपी घेतलं आणि न राहवून हात जोडले. "पुण्यवान आहेस बाळ. मला अष्टमी-चतुर्दशीचा उपाससुद्धा जड जातो." वडिलांची छाती फुगली. प.ने मान वर केली नाही.
डॉक्टरांनी नैराश्य लिहिलं, गोळ्या दिल्या.

शुक्रवार, ८
मुमताज सिस्टर प.चा केसपेपर वाचत होत्या. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. विचारलं, "ब्रदर, पारणं कधी आहे हिचं?"
म्हटलं, विचारलं नाही.
"आमच्या रोज्याला संध्याकाळ असते. तुमच्या उपासालाही शेवट असेलच की. हिचा कुठाय?"
बावीस वर्षं हीच नर्सिंगची नोकरी. उपास तर जन्मापासून बघतोय. तरी मला हे सुचू नये...
सायंकाळी बस्तीत, आमच्या देवळात, दर्शनाला गेलो. मन लागलं नाही.

गुरुवार, १४
प. आली. गोळ्यांची पट्टी तशीच. उपासात चालत नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात नीट खायला लागली नाही तर भरती करू.
आईवडील बाहेर. सिस्टरच्या जागी मी असतो तर समोर बसून चार चांगल्या गोष्टी सांगितल्या असत्या. सिस्टर तिच्या शेजारी बाकावर बसल्या. ड्रेसिंगच्या गॉजचा ढीग मध्ये ठेवला. "घड्या घालू लाग गं, माझं काम उरकंल." तासभर दोघी घड्या घालत होत्या. मी पलीकडे रजिस्टर उघडून नुसताच बसलो होतो.
मग सिस्टर सहज, "पारणं कधी?"
"ठरवलं न्हाई." हातातली घडी दाबून, "उपास म्हटलं की जेव म्हणून कोण मागं लागत न्हाई."
"मरावंसं वाटतं का गं?"
मी खुर्चीतून उठलोच. प.ने आणखी दोन घड्या घातल्या. "कवा कवा." आणि रडली. इथं आल्यापासून पहिल्यांदा.
डॉक्टरांना लगेच सांगितलं; त्यांनी आईला बजावलं, हिला एकटीला सोडू नका. नंतर सिस्टर मला म्हणाल्या, "विचारल्यानं बिघडत नाही, ब्रदर. विचारत नाही कोणी, म्हणून ही पोरं एकटी पडतात." घडी घातलेलं गॉज त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवलं. तिच्या हातचं म्हणून.

शनिवार, १६
प.च्या आईचा फोन. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात बस्तीत मुलीचा सत्कार ठरलाय. फ्लेक्स छापायला दिलाय.
सिस्टर म्हणाल्या, "फ्लेक्स लागला की अडकली पोरगी. गावासमोर जेवणार कशी?" त्यांनी प.ला फोन लावून विचारलं, वडिलांना खरं सांगू का? उत्तर आलं, "ब्रदरनी सांगावं. हात त्यांनीच जोडलेते."

रविवार, १७
एसटीने गेलो. वडील बेदाण्याच्या रिकाम्या शेडात क्रेट रचत होते. चहा मागवला, खुशीत होते. सांगितलं, अण्णा, हा उपास नव्हे. पोरीची भूकच मेलीय. उपासाच्या आडोशाला बसलीय ती.
"आवं, सगळा समाज येनार हाय. आता न्हाई कसं म्हनू?"
म्हटलं, "चूक माझीही आहे. पहिला हात मी जोडला."
बराच वेळ क्रेट खालवर करत राहिले. मग, "म्हंजी माझ्या लेकीत गुण न्हाई?"
"गुण आहेत. आजारही आहे."
त्यांनी मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. एसटी हलताना, "गुरुवारी आणतो."

गुरुवार, २१
आली नाहीत. दुपारपर्यंत जिन्याकडे बघत होतो. सिस्टर फोन लावतात, उचलत नाहीत. णमोकार मंत्र म्हणत बसलो. सिस्टर म्हणाल्या, "म्हणा, म्हणा. आणि उद्या दहापर्यंत आली नाही तर आपण दोघं जाऊ."

शुक्रवार, २२. चतुर्दशी, माझा उपास
साडेनऊला तिघं हजर. काल का नाही, फ्लेक्सचं काय झालं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पट्टीतल्या तीन गोळ्या कमी.
प. न सांगता बाकावर बसली. गॉज ओढून घेतलं. घडी घालता घालता सिस्टरना म्हणाली, "तुमी रोजा कशानं सोडता?"
"खजुरानं. नसला तर घोटभर पाण्यानं."
"बेदाणा चालतो?"
"न चालायला काय झालं?"
ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत मूठभर बेदाणे, घरच्या शेडातले. सिस्टरनी एक तोंडात टाकला. मग तिने तळहात माझ्यापुढे केला. माझ्याकडे बघत होती. "आज चतुर्दशी हाय, ब्रदर."
"आहे," म्हटलं आणि खाल्ला.
तिने एक उचलला. तोंडाकडे नेला नाही. बोटांत फिरवत बसली, बापाने हाक मारली तेव्हा मूठ मिटली.
पारण्याची तारीख अजून सांगितलेली नाही. जिना उतरेपर्यंत बघत होतो. मूठ मिटलेलीच होती.