नावापुढची दोन अक्षरे

गिरगाव,
ता. ८ जानेवारी १९५७

ती. सौ. मीनाक्षीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माजी विद्यार्थिनी मंडळाचे संक्रांतीचे बातमीपत्र आपल्याला पोचले असेल. शाळेने ते काम यंदा माझ्याकडे दिले आहे. आपला अरविंद मॅट्रिकला बसतो आहे ही बातमी त्यात आली, पण आपल्या नावापुढे ‘सौ.’ऐवजी ‘गं. भा.’ पडले आहे. आपले यजमान शरदराव सुखरूप आहेत, हे काल मंडळात आलेल्या एका बाईंकडून कळले.

बातमीपत्र मी स्टेन्सिलवर हाताने लिहिते आणि शाळेचा शिपाई कुशाबा यंत्र फिरवून प्रती काढतो. एखादे अक्षर फिके दिसले तर तो लेखणीने पुन्हा ओढतो. वरच्या ओळीतले ‘गं. भा.’ त्याने आपल्या नावाच्या ओळीतही ओढले. मोठ्या बाईंच्या कानावर मी हे घातले आहे. बासष्ट घरी दुरुस्तीची चिठ्ठी जाईल, ती मात्र मी स्वतः तपासून पाठवीन.

नलूआत्याच्या मैत्रिणीच्या बाबतीत हे व्हावे याचे फार वाईट वाटते. आपला लोभ आजवर मिळाला, तो या चुकीने उणा होऊ नये.

आपली,
उर्मिला

भोईवाडा, परळ,
ता. १० जानेवारी १९५७

चि. उर्मिला हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बातमीपत्र आमच्या सासूबाईंनी आधी वाचलं. त्यांनी देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी होते. दिवसभर मला आरशासमोर उभं करून कुंकू ठळक लाव म्हणत होत्या. आमचे हे म्हणाले, की आता मी गेलोच आहे, तर उद्यापासून भाजी आणायला मला सांगू नका. सासूबाई त्यांच्याशीही बोलेनात.

हसण्यावारी नेलं, पण तुला खरं सांगते. मागच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, तेव्हा हे कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाला गेलेले. चार दिवस पत्ता नाही. पाचव्या दिवशी इस्पितळात सापडले, पायाला गोळी लागलेली. अजून काठी घेऊन चालतात. त्या चार दिवसांत ही दोन अक्षरं मी मनाला शिवू दिली नव्हती. तुझ्या कागदावर ती पहिल्यांदा वाचली.

चूक झाली, होते. पण कुशाबाचं नाव कशाला घेतलंस? कुशाबाला एक अक्षर येत नाही. आम्ही शाळेत असताना त्याच्या घरची पत्रं मी मधल्या सुट्टीत वाचून दाखवायची. पगाराच्या वहीत तो सही करतो, ती मीच त्याला शिकवली, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. तो ‘गं. भा.’ कुठून काढणार? आणि त्या ‘भा’चा काना खाली आत वळतो, तो नलूचा काना आहे. तुला लहानपणी घरी बसवून तिनेच गिरवायला लावलं ना?

तुझ्यावर माझा राग धरून बसण्याचा विचार नाही. उत्तर मात्र खरं पाठव. माया आहे म्हणूनच मागते.

तुझी,
मीनाक्षीमावशी

गिरगाव,
ता. ११ जानेवारी १९५७

ती. नलूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत मीनाक्षीमावशींचे पत्र ठेवले आहे. ते वाचलेस की माझ्याकडून निराळे सांगायला थोडेच उरते.

गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या यादीत मी एका विधवा बाईंना ‘सौ.’ लिहिले होते. त्या हळदीकुंकवातून उठून गेल्या. तेव्हापासून मी एकेक नाव तीनतीनदा पाहते. मीनाक्षीमावशींनी बातमी पाठवली, तिच्याखाली नुसते मीनाक्षी लिहिले होते. बाकी सगळ्यांनी ‘सौ.’ लावले होते. गोळीबारात शरदराव सापडले, एवढे मी उडत उडत ऐकले होते. तुमचे यजमान आहेत ना, असे कुणाला कसे विचारावे? मला लाज वाटली. मग माझी मीच ठरवून मोकळी झाले. वाटले, आपण केवढी काळजी घेतली.

मोठ्या बाईंनी बोलावून विचारले, तेव्हा तोंडातून कुशाबाचे नाव गेले. मी आधी योजलेले नव्हते, पण गेल्यावर परत घेतले नाही, आणि मावशींना तेच लिहिले. बाईंनी त्याला बोलावले. तो मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. बाई म्हणाल्या, की वय झाले, पुढच्या एक तारखेपासून येऊ नकोस. मी शेजारीच उभी होते, आत्या.

माझी नेमणूक अजून कच्ची आहे. खरे सांगितले तर जाईल असे वाटते. न सांगता वर्गात उभी राहते, तर मुलींना शुद्धलेखन घालताना हात थांबतो. मी सांगू का? तू म्हणशील तसे करीन.

तुझ्या धाकात वाढलेली,
उर्मिला

दादर,
ता. १४ जानेवारी १९५७

चि. उर्मिलेस आशीर्वाद.

तुझा अच्युतकाका दिवसभर शिवाजी पार्कच्या सभेच्या तयारीत आहे, घरात तिळगूळ वळायला मी एकटी. म्हणून उत्तराला उशीर.

मीनाक्षी ‘सौ.’ का लिहीत नाही, ते तुला कुणी सांगितले नाही. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून मी माहेरी परत आले. त्यानंतर तिला पहिले पत्र लिहिले, तेव्हा सवयीने माझ्या नावापुढे ‘सौ.’ लिहून गेले आणि मग खोडले. ती खाडाखोड तिने पाहिली. पुढच्या पत्रापासून तिने आपले ‘सौ.’ सोडले. का, ते तिने लिहिले नाही, मीही विचारले नाही. बावीस वर्षे झाली. तिची सासू त्यावरून तिला बोलते, हेही मला दुसरीकडून कळले.

यावरून चूक माझ्यापासून सुरू झाली असे म्हणण्याची सोय करून घेऊ नकोस. तुला अक्षर मी शिकवले. दुसऱ्याच्या हाती आपली चूक द्यायला मी शिकवले नाही. एक कार्ड टाकून विचारले असतेस तर मीनाक्षी हसली असती.

मी सांगू का म्हणून विचारतेस. हो म्हटले तर माझ्या आज्ञेने गेलीस असे होईल. ते मी करणार नाही. एक तारीख जवळ आली आहे, एवढेच लिहिते.

वडिलांना दम्याचे औषध वेळेवर दे. तुझ्यावरची माया रागाने आटत नाही, हे लक्षात असू दे.

तुझी,
आत्या

गिरगाव,
ता. १९ जानेवारी १९५७

ती. मीनाक्षीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल मोठ्या बाईंना सगळे सांगितले. चूक माझी, लेखणी माझी, खोटेही माझेच. बातमीपत्र माझ्याकडून काढून घेतले आहे आणि नेमणूक पक्की करण्याचे जूनवर गेले आहे. कुशाबा कामावर राहणार आहेत. इथे पत्र संपले असते तर बरे झाले असते.

बाईंना संशय उरू नये म्हणून मी सांगितले, की कुशाबांना लिहिता वाचताच येत नाही, त्यांच्या हातून हे होणेच शक्य नाही. बाई चकित झाल्या. त्यांना हे ठाऊक नव्हते. मग मी खाली जाऊन कुशाबांना सांगितले, की तुमच्यावरचा ठपका गेला. तुम्ही त्या दिवशी गप्प का राहिलात, असेही विचारले. ते म्हणाले, की अक्षर येत नाही एवढे सांगितले असते तर सुटलो असतो. पण पंचवीस वर्षे ते बाईंपासून झाकले होते. सगळ्या नोटिसा वर्गावर्गात नेल्या, कुणाला कळू दिले नाही. त्यापेक्षा घरी बसलेले बरे वाटले.

मी म्हटले, मला माहीत नव्हते. ते म्हणाले, की बाई, वर जायच्या आधी मला विचारायचे होते. एवढे बोलून घंटा द्यायला गेले.

तुमच्या बाबतीत मी विचारले नाही, आणि त्यांच्या बाबतीत पुन्हा तेच केले. या वेळी तर खरे बोलून केले.

‘सौ.’चे कारण आत्याने लिहिले. त्यावर मी काही लिहू नये असे वाटते.

पुढच्या रविवारी भोईवाड्यास यावे आणि सासूबाईंच्या पाया पडावे असे मनात आहे. पण मला पाहून त्यांना त्रास होईल की बरे वाटेल, ते मला कळत नाही. म्हणून विचारते, येऊ का? नको असे उत्तर आले तरी ते मी जपून ठेवीन.

आपल्या लोभाला अजून पात्र नाही, तरी तो मागणारी,
उर्मिला