सात गावं, सहा मैफिली

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय उज्वला,

तू सटाण्याला जाऊन आज बावीस दिवस झाले. घरातलं सगळं ठीक आहे. तुळशीला पाणी घालतो, दुधाची पिशवी एकच घेतो. दादाने दिंडोरीहून द्राक्षांची पेटी पाठवली होती, ती एकट्याने संपेना म्हणून निम्मी खालच्या मजल्यावर देऊन टाकली. निघताना तू म्हणालीस, धाकट्या योगिनीकडे लग्नाची तयारी आहे, तिला हाताशी कोणीतरी हवं. लग्न एप्रिलअखेरीला आहे हे मलाही माहीत होतं. पण मी विचारलं नाही आणि तूही पुढे काही बोलली नाहीस. आपला साखरपुडा ते लग्न या चार महिन्यांत मी तुला तीन पत्रं लिहिली होती आणि तू त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून ती मला परत पाठवली होतीस. त्यानंतर तुला पत्र लिहायची हिंमत आज करतोय. याही पत्रातल्या चुका काढ, फक्त आधी शेवटपर्यंत वाच.

आपली यादी अजून फ्रिजच्या बाजूला चिकटवलेली आहे. तू शाळेतून निवृत्त झालीस त्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आपण ती लिहिली. मी दोन महिने आधीच कंपनीतून सुटलो होतो आणि दिवसभर काय करायचं या विचाराने तुझ्या डोक्याला ताप झालो होतो. गावं तू सांगितलीस: हंपी, कोणार्क, कच्छचं रण, मदुराई, जैसलमेर, माजुली, अंदमान. मैफिली मी सांगितल्या. पुण्याचा डिसेंबरातला महोत्सव, पाचही दिवस, भारतीय बैठकीवर. चेन्नईत भल्या सकाळची एखादी कचेरी, म्हणजे तिकडची मैफल. ग्वाल्हेर. कोलकाता. धारवाडात कुणाच्या तरी घरी, पन्नास माणसांतली बैठक. आणि सहावी तू हसत हसत घातलीस, एकदा तरी तरुण पोरांसारखं स्टेडियममध्ये उभं राहून, हात वर करून गाणं ऐकायचं. सात गावं आणि सहा मैफिली. दोन वर्षांत कोणार्क आणि गेल्या महिन्यात हंपी, अशी दोन गावं झाली आणि मैफल एकही नाही. ते का, हे मला आज सांगायचं आहे.

गाणं मला तूच दिलंस हे मी कुणापासून लपवलेलं नाही. आमच्या गावात गाणं म्हणजे भजन आणि लग्नातला बँड. लग्नानंतर तू मला पहिल्या मैफिलीला नेलंस तेव्हा मी मध्यंतरापर्यंत झोपलो होतो, तुझ्या खांद्यावर, आणि तू लाजेने लाल झाली होतीस. पण हळूहळू कान तयार होत गेला. सातपूरच्या कारखान्यात मी दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर असायचो आणि सुटलो की तुझ्याबरोबर गाण्याला. शॉपमधली पोरं म्हणायची, साहेबांना नुसत्या आवाजावरून कळतं डाय नीट बसली की नाही. खरं होतं ते. कानात घालायला रबरी बुचं मिळायची, ती मी तीस वर्षं खिशात ठेवली, कारण ती घातली की प्रेसचा आवाज कळायचा नाही. कानाचा मला गर्व होता, उज्वला. तुझ्या तंबोऱ्याची तार उतरली की स्वयंपाकघरातून ओरडून सांगणारा मी.

मागच्या आधीच्या दिवाळीतली पाडवा पहाट आठवते? गंगापूर रोडच्या त्या कॉलेजच्या मैदानावर गेलो होतो, धारवाडच्या बाई गायला होत्या. त्यांनी डोळे मिटले, ओठ उघडले, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. तबला येत होता, पेटी थोडी येत होती, बाईंचा आवाज मात्र नाही. मला वाटलं माइक बंद पडलाय आणि कोणाचं लक्ष नाही. मी उठून कडेला उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला सांगितलं, "अहो, बाईंचा माइक बंद आहे." तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, बसा. सगळ्यांना येतंय." आजूबाजूचे दहा-पंधरा लोक हसले. तूही हसलीस, माझा हात धरून मला खाली बसवलंस आणि काहीतरी म्हणालीस. तू काय म्हणालीस ते मला आजवर माहीत नाही. त्या दिवशी दोन तास मी तुझ्याकडे बघत होतो. तुझी मान डोलली की माझी डोलायची, तू टाळी दिलीस की मी द्यायचो. घरी येताना तू म्हणालीस, "आज किती रमला होतात तुम्ही!"

त्यानंतरचं सगळं तुला माहीत आहे, फक्त उलट्या बाजूने. चेन्नईची तिकिटं मी रद्द केली आणि गुडघ्याचं नाव सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. पुण्याला गर्दी फार, ग्वाल्हेरला थंडी फार, धारवाडला ओळख कोणाची नाही. रोहितचा फोन आला की दोन वाक्यांत तुझ्याकडे द्यायचो, आणि तू त्याला म्हणायचीस, बाबांना हल्ली बोलायचाही कंटाळा येतो. टीव्हीचा आवाज वाढवला की तू कमी करायचीस, मी उठून गॅलरीत जायचो, तुला वाटायचं मी रुसलो. गावं मी आनंदाने कबूल करायचो, कारण कोणार्कला नुसतं बघायचं असतं. तू एकदा विचारलंस, यादीतलं सगळं गाणं तुम्हीच सांगितलं आणि आता तुम्हीच टाळता, झालंय काय? मी म्हणालो, वय झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

भीती वाटत होती, दुसरं काय. आमचे नाना तू पाहिलेत, पण शेवटच्या दोन-तीन वर्षांतले. पंचावन्नचे असल्यापासून त्यांचे कान जात गेले. आधी ते म्हणायचे, "काय म्हन्तो रं? जरा मोठ्यानं बोल ना," आणि आम्ही मोठ्याने बोलायचो. मग आम्ही कंटाळलो. मग त्यांना सांगायचंच सोडून दिलं. दादाच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली हे घरातल्या गड्याला कळलं, नानांना चार दिवसांनी कळलं. ते लग्नकार्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघून हसायचे. तसं हसताना मी स्वतःला पाडव्याच्या त्या मांडवात पाहिलं. शिवाय आणखी एक भीती होती, ती तर मी स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. लोक बोलायचे ते शब्द कानावर पडायचे पण अर्थ लागायचा नाही, 'सात' का 'साठ' कळायचं नाही, आणि मला वाटायला लागलं की कान नाही, माझं डोकंच चाललंय. शेजारच्या काकूंना शेवटी काही आठवेनासं झालं, ते आपण बघितलंय. तुला त्या वाटेने जायला लावायचं, या विचाराने मी गप्प बसलो.

आता जरा हसायचं सांगतो. माझी मिशी. हंपीला निघायच्या आदल्या आठवड्यात मी बिनमिशीचा घरी आलो, तू दारातच किंचाळलीस आणि मी म्हणालो, बदल म्हणून काढली. हंपीच्या सगळ्या फोटोंत मी त्या सोललेल्या तोंडाने उभा आहे. तू गेल्यावर मागच्या महिन्याच्या शेवटी राजूकडे केस कापायला गेलो. त्याने कात्री खाली ठेवली, खुर्ची फिरवून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "काका, रागावू नका. त्या दिवशी मी दोनदा विचारलं, मिशी काढायची का? तुम्ही दोन्ही वेळा हो म्हणालात. मग आरशात बघून तुमचा चेहरा असा झाला की मला रात्रभर वाईट वाटलं. आमच्या आईचं असंच व्हायचं. तिला मशीन लावलं, आता ती आमचीच भांडणं ऐकते. तुम्हीही कान तपासून घ्याल का?" त्याने दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. चाळीस वर्षं तुझ्याशेजारी झोपणारा मी तुला सांगू शकलो नाही आणि राजूला अर्ध्या मिनिटात हो म्हणालो. या वेळी मात्र प्रश्न ऐकून.

तपासणीला गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्र चालवत होती, रोहितपेक्षाही लहान. मी काय केलं असेल? तिचा खांदा हलला की बटण दाबायचो. पाच मिनिटांनी ती आत आली, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि परत गेली. मग मी हरलो. भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, बराच वेळ काहीच येत नव्हतं, आणि तिथे मला रडू आलं, उज्वला. ती पुन्हा आत आली, पाण्याचा पेला दिला आणि समोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, "काका, माझ्या तोंडाकडे बघा. डोक्याचं काही नाहीये. कारखान्याचा आवाज आणि वय, एवढंच आहे. वरचे सूर गेलेत, त्यामुळे स, त, फ असली अक्षरं निसटतात आणि तुम्हाला वाटतं आपल्याला समजत नाही. समजतं तुम्हाला. ऐकू येत नाही फक्त." मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. नंतर डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. बाहेर आलो. शरणपूर रोडला एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. सव्वा वर्ष छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. चहा प्यायलो. दुसराही प्यायलो.

यंत्रं मागच्या गुरुवारी बसवली, दोन्ही कानांत. पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. माझ्याच चपलांचा आवाज मागून कोणीतरी येतंय असा यायचा. पेपरचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं. पण रविवारी सकाळी चहा ठेवला आणि उकळी फुटतानाचा तो बारीक आवाज आला, आणि मी गॅसपाशी तसाच उभा राहिलो. नंतर तुझी तंबोऱ्याची पेटी चालू केली. तुला खोटं सांगणार नाही, डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं वाटलं. त्या मुलीने आधीच सांगितलं होतं की ही यंत्रं बोलण्यासाठी असतात, गाण्यासाठी वेगळं जुळवून द्यावं लागतं, दोन-तीन खेपा होतील, आणि तरीही पूर्वीसारखं लागेलच असं नाही. रोज दहा मिनिटं लावून बसतो. काल खर्ज ओळखू आला. पंचम अजून नाही. गाणं किती परत येईल ते मला माहीत नाही, आणि नवल म्हणजे त्याचं मला एवढं दुःखही होत नाहीये. गाण्याला बसायचं आणि ऐकल्याचं सोंग करायचं, त्याने मी थकलो होतो. आता जे येईल ते येईल. तुला एकटीला किंवा मैत्रिणीबरोबर पुण्याला पाच दिवस बसायचं असेल तर बस. मलाही बरोबर यायचं आहे. मला ऐकू येईनासं झालं की मी तुला तसं सांगेन आणि बाहेर जाऊन भजी खाईन.

हे सगळं मी तुला सावकाश, तू परत आल्यावर सांगणार होतो. पण काल दुपारी योगिनीचा मेसेज आला. तिच्यावर रागावू नकोस. तिने लिहिलंय, "भाऊजी, तुमच्यात पडायचं नाही, पण ताई इथे नुसती कामं करतेय आणि बोलत नाहीये. हंपीला त्या टोपलीच्या होडीत तिने तुम्हाला विचारलं, माझ्याबरोबर फिरायचा कंटाळा आलाय का तुम्हाला? आणि तुम्ही हसून म्हणालात, हो, खूप. असं कोणी म्हणतं का?" मी तो मेसेज किती वेळा वाचला ते विचारू नकोस. ती दुपार मला लख्ख आठवते. तू पुढे बसली होतीस, पाण्याकडे तोंड करून, वारा होता, वल्हं आपटत होतं. तुझी मान थोडी हलली म्हणून मला कळलं की तू काहीतरी बोललीस. एवढ्या सुंदर जागी तू काय म्हणत असशील? छान वाटतंय ना, असंच म्हणत असशील असं मी धरून चाललो, आणि हसून सांगितलं, हो, खूप. तू काठ येईपर्यंत मागे वळली नाहीस. मला वाटलं, तू पाणी बघतेयस. तुझा प्रश्न मला पोहोचलाच नव्हता, उज्वला. महिनाभर तू कशाचं ओझं घेऊन वावरतेयस हे मला काल कळलं, आणि फोन करावा तर फोनवर मला अजून निम्मंच समजतं. तुझ्याशी बोलताना पुन्हा अंदाजाने हो म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र. उत्तर आहे, नाही. एक दिवसही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी सटाण्याला येतोय. मला समोर बसव, माझ्याकडे तोंड कर आणि तोच प्रश्न पुन्हा एकदा विचार.

तुझाच,
गोरक्ष