पांढऱ्या पुडीचं काम

नागपूर,
फाल्गुन, १९७९

प्रिय मनकर्णा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि हात थांबतो. भिवापुरात मिरची वाळत पडली असेल. इथं ऊन तापू लागलंय, आणि यांची खाट अजून अंगणातच आहे. ती आत घ्यायला मन होत नाही.

तुझे भाऊजी पोटाच्या दुखण्यानं गेले, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. तेरवीलाही मी जास्त बोलले नाही. वाडीच्या कारखान्यात हे साखरेच्या गोळ्यांवर पांढरा थर चढवायचे. गोळी दुधासारखी दिसावी म्हणून पाकात एक पूड घालत. पोतं उघडलं की ती खाली बसायची नाही, हवेतच तरंगत राहायची, इतकी बारीक. तुटक्या गोळ्या कामगारांच्या. हे दिवसभर त्याच चघळत आणि डबा पुष्कळदा तसाच परत आणत. मी चिडायची, हे हसायचे.

मग पोट बिघडलं ते सावरलंच नाही. आधी भाकर पचेना, मग दूध, मग साधी पेजही. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, यांच्याशी शांतपणे बोलायच्या. त्यांनी सांगितलं, आपल्या आतड्यांत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात, अन्न पचवायला तेच हातभार लावतात. यांच्या पोटात त्यांची सगळी घडी मोडली होती. पुडीनं झालं का, असं यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "शंका मलाही येते. पण हे कोणी तपासलेलंच नाही. कागदावर कसं लिहू?" पूड खाण्यासाठी पास झालेली आहे, असं मालक म्हणाले. खोटं बोलत असतील असंही वाटत नाही.

मी रोज ताक घुसळून द्यायची. शेवटी शेवटी यांनी वाटी खाली ठेवली न् म्हणाले, "गोपिका, माह्या पोटातलं गावच उठून गेलं वं. तू कोणासाठी ताक करून राहिली?" मी वाटी उचलून आत गेले.

तू लिहिलंस, मालकांनी तुझ्या यजमानांना, रुपरावजींना, यांच्या जागी बोलावलंय, चैत्रात ते येतील, म्हणजे मलाही सोबत होईल. सोबत मला हवी आहे गं. संध्याकाळी घर खायला उठतं. पण परवा मी कारखान्यात जाऊन सांगून आले, की आमच्याकडून कोणी येणार नाही. मालकांनी ती जागा दुसऱ्याला दिली. तुम्हाला दोघांना न विचारता केलं. पुडीचा दोष मला कोणासमोर शाबीत करता येणार नाही, आणि रुपरावजी किती दिवसांपासून काम शोधताहेत तेही मला ठाऊक आहे. तू रागावशील, तेही रागावतील. खूप रागवा माझ्यावर. पण रागवायला तुम्ही दोघंही असा.

तुझीच,
गोपिकाताई